मावशींचे कान

आमच्या घरमालकीण मावशींच्या दोन कानांत मी कधी एकसारखं काही पाहिलं नाही. उजव्यात एक हूक, डाव्यात दुसरा. आणि हूक म्हणजे नुसता हूक, वाकवलेली तार. खाली ना मोती, ना झुमका, ना साधा मणी. बडोद्याच्या निजामपुऱ्यात आमच्या कोपऱ्यावर बसणारी भाजीवाली दर दोन दिवसांनी त्यांना सांगायची, "मासी, बुट्टी पडी गई," म्हणजे कानातलं पडलं, आणि मावशी दर दोन दिवसांनी तिला समजावून सांगायच्या की पडलेली नाही, लावलेलीच नाही. दोघींपैकी एकीलाही याचा कधी कंटाळा आला नाही.

लग्नाकार्यातही तेच. जरीची साडी, नीट घातलेला अंबाडा, अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा, आणि कानांत दोन निरनिराळ्या तारा. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या आईनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, की यांच्याकडे कानातलं नाहीये का, मी देऊ का माझं? आता काय सांगणार? की बाई, त्या ड्यूटीवर आहेत?

ड्यूटीच म्हणायची ती. मावशी तारा तपासायच्या. कानातल्याचा हूक ज्या तारेचा करायचा, ती तार आधी आठ दिवस स्वतःच्या कानात घालायची, हा त्यांचा नेम. उजव्या कानात खात्रीची, पारखून घेतलेली चांदीची तार. डाव्या कानात उमेदवार. आठ दिवसांत डावा कान खाजला नाही, लाल झाला नाही, तर उमेदवार पास. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बाकीच्या बायका जिथे गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख लिहितात, तिथे मावशींच्या बारीक अक्षरात असायचं: 'डावा, ठीक.' 'डावा, ठीक.' 'डावा, किंचित खाज, जेवणानंतर.'

मी हे हसत हसत सांगते आहे, पण सांगायला बसले ती हसण्यासाठी नाही. त्या कानांचं मी जे केलं, ते एकदा कुठेतरी सरळ सांगून टाकायचं आहे. पण आधी मावशी कळायला हव्यात, नाहीतर मी काय करून बसले ते कळणार नाही.

लग्न होऊन मी जळगावहून बडोद्याला आले. नवऱ्याची नोकरी शहराबाहेरच्या एका कारखान्यात. मावशींच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला, खाली त्या एकट्या राहायच्या. त्यांचे आजोबा संस्थानात कुठल्याशा मोठ्या हुद्द्यावर होते, पण ते मला शेजाऱ्यांकडून कळलं, मावशींनी कधी सांगितलं नाही. त्या काय सांगायच्या, तर आपण चाळीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो, आणि त्या चाळीस वर्षांत आपल्या हातून एकही परीक्षानळी फुटली नाही. लग्न केलं नव्हतं. का, ते मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "राहून गेलं." जसं एखाद्याचं आंब्याचं लोणचं घालायचं राहून जातं.

चहाचं पाणी त्या चंचुपात्रानं मोजून घ्यायच्या. मी पहिल्यांदा ते पाहून कप तोंडाला लावायला कचरले तेव्हा म्हणाल्या, "नवं आहे गं, कॉलेजातलं नाही." मीठ चमच्यानं नाही, चिमटीनं नाही, तर एका छोट्या तराजूनं. गल्लीतल्या गुजराती बायका त्यांना मासी म्हणायच्या, आम्ही मराठी मावशी म्हणायचो, आणि दोन्हीकडे त्यांच्याबद्दल बोलताना एक बोट कपाळाशी फिरवायची पद्धत होती. मीही फिरवलं आहे ते बोट. खोटं कशाला बोलू?

त्या दिवसांत मला मण्यांची कानातली करायचा नाद लागला होता. मांडवीच्या बाजारातून मणी आणायचे, तयार हुकांचं पाकीट आणायचं आणि दुपारभर ओवत बसायचं. एके दिवशी गच्चीवरच्या टाकीचं पाणी का ओघळतंय ते बघायला मावशी वर आल्या आणि टाकी विसरून माझ्या टेबलापाशीच थांबल्या. पाकिटातला एक हूक उचलला. वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. तिसऱ्या खेपेला तो मोडला. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी ते मोडलेलं टोक डोळ्याजवळ नेलं. वरून सोनेरी, आतून राखेच्या रंगाचं. हे कुणाच्या कानात घालणार आहेस, असं त्यांनी इतक्या शांतपणे विचारलं की मी विषच विकायला बसले आहे की काय असं मला वाटलं. मी म्हटलं, विकत नाही हो, हौस म्हणून मैत्रिणींना देते. त्या म्हणाल्या, म्हणजे मैत्रिणींच्या कानात.

दुसऱ्या दिवशीपासून माझी शाळा सुरू झाली. तार वीस नंबरची घ्यायची. बावीस नंबरची बारीक, झुमका जड असला की कानाची पाळी कापत जाते. अठरा नंबरची जाड, घालताना डोळ्यांत पाणी काढते. नुसती शुद्ध चांदी लोण्यासारखी मऊ, गरब्यात दोन गिरक्या घेतल्या की हूक सरळ आणि झुमका कुणाच्या तरी पायाखाली. थोडं तांबं मिसळलेली चांदी हवी, आणि तीही अर्धी कडक, म्हणजे वाकवताना किंचित हट्ट करणारी. नुसतं तांबं घामानं हिरवं पडतं. आणि जर्मन सिल्व्हर? हे नाव काढलं की मावशींच्या कपाळाला आठी पडायची. त्यात जर्मन काही नाही, सिल्व्हर तर मुळीच नाही, आणि निकल मात्र पोटभर आहे, असं त्या म्हणायच्या. निकल हा त्यांचा जन्माचा वैरी.

हुकाला बाक द्यायला त्यांच्याकडे एक काचेची कांडी होती, तिच्याभोवती तार वळवायची. मग बंद पडलेली इस्त्री उलटी ठेवून तिच्या तळावर तो बाक लहान हातोडीनं हलके ठोकायचा, म्हणजे चांदी कडक होते. टोक कानशीनं घासून गोल करायचं, मग पॉलिश पेपरनं, आणि शेवटी ते स्वतःच्या गालावरून फिरवून बघायचं. गालाला कळलं तर अजून घासायचं. माझे पहिले चाळीसेक हूक माझ्या गालाला कळले. मावशींनी ते सगळे परत घासायला लावले, एकदाही न रागावता, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

तार आणायला मांडवीला जायचो तेव्हा तर विचारू नका. त्या दाटीतल्या गल्लीत एका ठरलेल्या दुकानात मावशींना खुर्ची मिळायची, चहा मिळायचा, आणि दुकानदार नव्या तारेचं भेंडोळं पुढे ठेवून 'चांदीच आहे मासी' असं म्हणायचा. मावशी मान डोलवायच्या आणि त्यातली वीतभर तार कापून मागायच्या. फक्त वीतभर. बाकीची आठ दिवसांनी. आठ दिवस कोण थांबतं मासी, असं तो दर वेळी म्हणायचा आणि दर वेळी थांबायचा. बाहेर पडल्यावर मावशी मला म्हणायच्या, "माणूस खोटारडा नाही. पण त्याला कान नाहीत ने."

हे कानांचं प्रकरण काय आहे ते मला पुष्कळ उशिरा कळलं. एकदा मला ताप होता आणि मावशी तांदळाची पेज घेऊन वर आल्या होत्या. बसल्या, आणि आपणहून सांगायला लागल्या. लहानपणी त्यांचे कान सारखे पिकायचे. आई नवं काही घालायची की चार दिवसांत पाळ्या सुजायच्या, पाणी यायचं. घरात सगळे म्हणायचे, हिचे कानच वाईट. बहिणी नटून निघायच्या आणि हिच्या कानात कडूनिंबाची काडी. कुणी पाहायला यायचे झाले की आई हौसेनं उसने झुमके घालायची आणि पाहुणे येईपर्यंत कान लाल. एका पाहुण्यांनी तर मुलीला काही त्वचेचा आजार आहे का म्हणून विचारलं. तिशीपर्यंत त्यांनी स्वतःही तेच धरून ठेवलं होतं, की आपलं कातडंच खराब आहे, आपल्यातच खोट आहे. मग प्रयोगशाळेत निकलचे क्षार हाताळताना एकदा बोटांना तसंच पुरळ उठलं, आणि तिथल्या एका सरांनी जाता जाता सांगितलं, अहो हे निकल आहे, काहींना चालत नाही. एवढंच.

"मी घरी आले आणि खूप रडले," मावशी म्हणाल्या. "माझे कान वाईट नव्हते गं. ते खरं सांगत होते. धातू वाईट होता."

तेव्हापासून ते कान त्यांनी कामाला लावले. ज्या गोष्टीसाठी घरानं त्यांना बाजूला बसवलं, तीच गोष्ट इतरांच्या उपयोगी पडते हे त्यांना कळलं. आपल्या कानांवर त्यांचा विश्वास होता तो गर्वाचा नव्हता. खूप वर्षं खोटं ठरवलेलं माणूस शेवटी खरं निघाल्यावर कसं ताठ बसतं, तसा होता.

हळूहळू माझी कानातली गल्लीत चालायला लागली, ती माझ्या हातामुळे कमी आणि मावशींच्या कानांमुळे जास्त. ज्या बायका कपाळाशी बोट फिरवायच्या, त्याच आपल्या पोरींसाठी घेताना विचारायच्या, मासींनी घातलेली तार आहे ने? मी मोबाइलवर फोटो टाकायचे त्याखालीही लिहायचे, 'मावशींनी आठ दिवस घातलेली तार.' आणि एका नवरात्राच्या आधी मांडवीतल्या एका दुकानातून दोनशे जोडांची मागणी आली. दुकानवालीनंही तेवढंच विचारलं, तार त्या मासींची ना?

दोनशे जोड म्हणजे चारशे हूक. मी हरखून गेले होते. नवऱ्यासमोर, सासरी, जळगावच्या मैत्रिणींसमोर, सगळीकडे सांगून झालं होतं. आणि आमच्या ठरलेल्या तारवाल्याचं दुकान बंद. गावी लग्न, पंधरा दिवसांनी येईन म्हणून शटरला कागद चिकटवून गेला होता.

मी दुसऱ्या गल्लीतून दुसरीच तार आणली. छान चकाकत होती. दुकानदार म्हणाला, चांदीचीच समजा. त्या 'समजा'पाशी मी अडखळले, हे मला पक्कं आठवतंय. पण अडखळून पुढे गेले. माल द्यायला बरोबर दहा दिवस उरले होते. मावशींच्या नेमाप्रमाणे आठ दिवस थांबले असते तर दोन दिवसांत चारशे हूक होणं शक्य नव्हतं. बरं, एकीकडे हूक करायला घेतले आणि चौथ्या दिवशी मावशी म्हणाल्या की डावा कान खाजतोय, मग? सगळंच पाण्यात. मला खरं सांगायचं तर उत्तर नकोच होतं. होकार हवा होता.

माझ्याकडे जुन्या, खात्रीच्या तारेचा एक तुकडा उरला होता. वीतभर. मी त्याचा एक हूक केला, टोक छान गोल घासलं, गालावरून फिरवून बघितलं आणि खाली जाऊन मावशींच्या हातात ठेवला. म्हटलं, नवीन तार आणली आहे, बघा.

मावशींनी तो बोटांत फिरवला. "अगदी आपल्या जुन्या तारेसारखी आहे," त्या म्हणाल्या. "हीच ने?"

"हो, हीच," मी म्हटलं.

इतकं सोपं होतं ते. मला वाटलं होतं जीभ अडखळेल, छातीत धडधडेल. काही झालं नाही. वर येऊन मी नव्या तारेचे हूक करायला बसले. खाली मावशींच्या कॅलेंडरवर रोज एक 'डावा, ठीक' पडत होता आणि वर माझ्या डब्यात रोज पन्नास हूक. आठव्या दिवशी मावशींनी जिन्यातून हाक मारून सांगितलं, चालेल, लाव. तोपर्यंत निम्मा माल मांडवीला पोचलाही होता. त्या दिवशी मी श्रीखंड आणून मावशींना वाटीभर नेऊन दिलं. आज ते श्रीखंड आठवलं तरी तोंड कडू होतं.

नवरात्राच्या पाचव्या दिवशी सकाळी शेजारच्या बेन आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी कॉलेजात जाणारी, वर्षभर गरब्याची वाट बघणारी, चनियाचोळीचे रंग नऊ दिवसांचे आधी ठरवून ठेवणारी. तिच्या दोन्ही पाळ्या सुजून टोमॅटोसारख्या झाल्या होत्या आणि एकीतून पू येत होता. बेन माझ्याकडे आल्याच नाहीत, त्या सरळ मावशींच्या दारात गेल्या. "मासी, जुओ ने, आना कान." त्या भांडल्या नाहीत. नुसतं दाखवलं. तार मासींची म्हणून गल्लीतल्या इतर बायकांसारखे त्यांनीही मांडवीच्या त्या दुकानातून दोन जोड घेतले होते.

मी जिन्यात उभी होते, खालून तिसऱ्या पायरीवर. मावशींनी मुलीला खिडकीशी बसवलं, कोमट पाण्यानं पाळी भिजवून हूक हळूच काढला, उजेडात धरला. मुलामा उडून गेलेला दिसत होता. मग त्यांचा दुसरा हात आपोआप स्वतःच्या डाव्या कानाकडे गेला. तिथे माझा तो हूक अजून होता. त्यांनी पाळी चिमटीत धरली, दाबून पाहिली. कान थंडगार, शांत. पुन्हा मुलीच्या हुकाकडे बघितलं, पुन्हा आपला कान चाचपला.

त्या वेळी त्यांनी तो पोरीचा हूक धुऊन स्वतःच्या कानात घातला असता, तर दोन दिवसांत माझं बिंग फुटलं असतं. पण कशाला घालतील? त्यांच्या लेखी तो आधीपासूनच त्यांच्या कानात होता. मी 'हीच' म्हटलं होतं ना.

"माझे कान गेले," मावशी म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही, आपल्याशीच. मग बेनकडे वळून, जिन्यात माझ्याकडे हात करत गुजरातीत म्हणाल्या, की चूक माझी आहे, हिची नाही, हिनं मला विचारूनच केलं.

मी पायरीवर उभी होते. तोंड उघडायला एक क्षण लागला असता. दोन पायऱ्या उतरून म्हणायचं होतं, मावशी, ती तार वेगळी होती. बेन मला दोन शब्द बोलल्या असत्या, मांडवीवालीनं पुन्हा दारात उभं केलं नसतं, नवऱ्यानं तोंड वाकडं केलं असतं. एवढंच झालं असतं, आणि मी त्या एवढ्याशाला घाबरले.

पुढचे दोन दिवस मावशी घरोघर गेल्या. ज्यांनी ज्यांनी घेतले होते त्या प्रत्येकीच्या दारात उभ्या राहून सांगितलं, की वयानं माझे कान बधिर झाले, मला कळलं नाही, ते हूक काढून टाका. आणि त्यांच्याबरोबर पिशवी धरून कोण हिंडलं? मी. बायका मावशींना म्हणत होत्या, होतं मासी, वय झालं. माझ्याकडे बघून म्हणत होत्या, तू तरी काय करणार बिचारी. मांडवीलाही आम्ही दोघी रिक्षानं गेलो. न विकलेला माल परत घेतला, आणि दुकानवालीसमोरही मावशींनी तेच सांगितलं. परत येताना रिक्षात त्या माझा हात थोपटत होत्या. माझी पहिली मोठी मागणी त्यांच्यामुळे बुडाली म्हणून त्यांना वाईट वाटत होतं.

घरी आल्यावर त्यांनी दोन्ही कानांतले हूक काढले. डाव्यातला तर काढलाच, उजव्यातला, ज्याच्यावर इतकी वर्षं भरवसा ठेवला तोही काढला. मी म्हटलं, हा असू द्या ना. त्या म्हणाल्या, "आता कुणाला माहीत हा तरी कसा आहे. घालणारीच खोटी निघाली." बस्स. त्यानंतर कॅलेंडरवर काही लिहिलं गेलं नाही. भाजीवालीनं दोन-चार दिवस त्यांच्या मोकळ्या कानांकडे पाहिलं आणि मग तिनंही तो विषय सोडला.

मी सांगणार होते. आईशपथ, सांगणार होते. दिवाळीत फराळाचं ताट घेऊन खाली गेले ते ठरवूनच, तर त्यांच्याकडे पाहुणे बसलेले. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले, तर त्या इतक्या मायेनं बोलल्या की मला वाटलं आज नको. एकदा नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, आता सांगून त्यांना उगाच मनस्ताप, होऊन गेलं ते गेलं. मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी त्याला विचारलं होतं. दरम्यान मावशी बदलत चालल्या. चहाचं पाणी अंदाजानं घ्यायला लागल्या. मीठ कमी-जास्त व्हायला लागलं आणि झालं की म्हणायच्या, आता माझं काही खरं नाही. डोळ्यांना नीट दिसत असतानाही औषधाची बाटली मला वाचायला द्यायच्या. एका कानानं दगा दिला म्हणून त्या बिचारीनं स्वतःच्या डोळ्यांवरचा, हातांवरचा, सगळ्यावरचाच विश्वास काढून घेतला. आणि दगा दिलेला कान माझ्यासमोर रोज निर्दोष बसलेला असायचा.

वर्षभरात त्यांच्या भाचीनं त्यांना पुण्याला नेलं. एकट्या राहायला आपण आता लायक नाही, असं मावशींनीच तिला कळवलं होतं. घर विकलं. आम्ही सयाजीगंजाकडे दुसरी जागा घेतली. कानातली करणं मी केव्हाच सोडलं होतं. पकड हातात घेतली की 'हीच ने?' ऐकू यायचं.

दोन वर्षांनी, म्हणजे मागच्या हिवाळ्यात, मी पुण्याला गेले. दुसरं काही काम नव्हतं. नवऱ्याला मात्र मैत्रिणीच्या मुलीचा साखरपुडा आहे असं सांगितलं. भाचीच्या घरी मावशी बाल्कनीत उन्हाला बसल्या होत्या. वाळल्या होत्या, पण चेहरा तोच. मला बघून इतक्या आनंदल्या की माझं अर्धं बळ तिथेच गेलं. तरी या खेपेला मी थांबले नाही. चहा येण्याआधीच सगळं सांगितलं. बंद शटर, दुसऱ्या गल्लीतली तार, जुना वीतभर तुकडा, आणि मी 'हीच' म्हटलं ते. म्हटलं, "मावशी, मी फसवलं तुम्हाला. तुमचे कान बरोबर होते. ते कधीच गेले नव्हते."

मला वाटलं होतं त्या चिडतील. चिडाव्यात अशी माझी फार इच्छा होती. त्यांचे डोळे मात्र भरून आले.

"एवढ्या लांबून हे सांगायला आलीस?" त्या म्हणाल्या.

"खरं आहे ते, मावशी."

"असू दे गं. कळतं मला."

मी म्हटलं, तुम्हाला कळत नाहीये, मी मन राखायला नाही बोलत. पर्समधून मी बाजारच्या पाकिटातला एक हूक काढला. मुद्दाम तसला आणला होता. म्हटलं, हा घालून बघा, दोन दिवसांत कान बोलेल, मग माझ्यावर विश्वास ठेवा. मावशींनी हसत हसत पांढरे केस मागे घेतले आणि मान वळवून कान माझ्यापुढे केला. भोक बुजलं होतं. तिथे नुसती एक फिकट खूण होती. दुसरीकडेही तेच. मनगटाला बांधून बघू, मी म्हटलं. त्यावर त्या आणखी हसल्या. म्हणाल्या, चाळीस वर्षं आम्लं आणि साबण लागलेलं निबर कातडं ते, त्याला काय कळणार? जेव्हा कळायचं तेव्हा कळत होतं. आता नाही कळत, मी मान्य केलंय, तू कशाला एवढी धडपडतेस?

मी रडायला लागले तर त्यांनीच मला जवळ घेतलं.

तेवढ्यात भाची चहा घेऊन बाहेर आली. मावशींनी माझ्या खांद्यावरचा हात न काढता तिला सांगितलं, "ही माझी बडोद्याची भाडेकरीण. पोर फार मोठ्या मनाची आहे. मला बरं वाटावं म्हणून खोटा आळ स्वतःवर घ्यायला पुण्यापर्यंत आली."

भाचीनं माझ्याकडे मोठ्या कौतुकानं पाहिलं आणि साखर किती घालू, असं विचारलं.